नव्या गाडीवरचा पापुद्रा

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी विजेवर चालणारी गाडी आली. शोरूममध्ये सासूबाईंनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले, श्रीफळ ठेवले, आणि आम्ही सारे आत बसायला निघालो, तेव्हा तिथल्या तरुणाने सीटवरचे पारदर्शक प्लास्टिक काढण्यासाठी हात पुढे केला. ‘‘राहू द्या हो,’’ मागून अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा आवाज आला, ‘‘एवढी घाई कशाला? नव्याचं नवेपण थोडं टिकू द्या की.’’ सगळे हसले आणि प्लास्टिक तसेच राहिले.

दसऱ्यामागून दिवाळी गेली, संक्रांत गेली, महावीर जयंतीही गेली. सीटवरचे प्लास्टिक, दारांच्या आतल्या बाजूची निळसर फिल्म, मधल्या मोठ्या पडद्यावरचा पापुद्रा, सारे जिथल्या तिथे होते. कोपरे सुटू लागले की अण्णा चिकटपट्टीने ते पुन्हा बसवत. येणारा-जाणारा म्हणे, ‘‘गाडी अगदी कालच घेतल्यासारखी ठेवलीय हं!’’ आणि अण्णांचा चेहरा उजळे.

वाचकहो, असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडला असेल. नवा फ्रिज, नवा दूरदर्शन संच, नवी गाडी. वस्तू वापरात येते, पण तिच्यावरचे आवरण निघत नाही. आजच्या विजेवरच्या गाडीत मात्र हे आवरण कुठे ठेवावे आणि कुठून तातडीने काढावे, हा केवळ हौसेचा विषय उरलेला नाही. तो आपल्या माणसांच्या सुरक्षिततेशी जोडलेला आहे. आम्हाला हे मे महिन्यातील एका दुपारी कळले. ती दुपार सांगण्यापूर्वी या प्लास्टिकचे मूळ पाहू.

हे आवरण आले कोठून?

मोशी ओलांडून चाकणच्या दिशेने निघालात की नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर नजरेस पडतात. महिंद्रच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या विजेवरच्या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांसमोर आल्या, त्या चाकणच्याच कारखान्यात तयार होतात. मर्सिडीज-बेंझने २०२२ मध्ये ‘ईक्यूएस’ ही विजेवरची मोटार चाकणलाच जुळवायला घेतली. आणि आपल्या चिंचवडला लागून असलेल्या आकुर्डीत, जिथून एके काळी मूळची चेतक स्कूटर बाहेर पडत असे, त्याच जागी १० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या जयंतीदिनी, विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. पेट्रोलच्या वासात वाढलेली ही औद्योगिक नगरी आता विजेच्या वाहनांची नगरी होऊ पाहत आहे.

या कारखान्यांत गाडी जुळवणीच्या पट्ट्यावरून पुढे सरकत असते, तेव्हा शेकडो हात तिला लागतात. कुणाच्या पट्ट्याचे बक्कल, कुणाच्या हातातील पाना, कुणाचे तेलकट मोजे. पुढे ती मोकळ्या मैदानात उभी राहते, ट्रेलरवर चढते, उतरते, पुन्हा एखाद्या गोदामात थांबते. प्रत्येक टप्प्यावर निराळा चालक आत बसतो. ऊन, पाऊस, धूळ, बुटांचा चिखल, या साऱ्यांतून ती ग्राहकापर्यंत कोरीकरकरीत पोहोचावी, म्हणून सीटवर पॉलिथिनच्या पिशव्या चढवतात आणि दारे, उंबरठे, पडदे यांवर हलका डिंक असलेली पातळ फिल्म चिकटवतात. हा डिंक मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, कारण ती फिल्म काढण्यासाठीच लावलेली असते. तिची जबाबदारी कारखान्यापासून शोरूमपर्यंतची. गाडी ताब्यात देण्यापूर्वीच्या तपासणीत ती काढून टाकणे, हे शोरूमच्या कामाचाच भाग असते. आमच्याकडे आम्हीच ते काम थांबवले.

अण्णांना दोष देण्याचे मात्र मला धैर्य होत नाही. ते १९७० च्या दशकात सांगलीकडून नोकरीसाठी चिंचवडला आले. त्या काळी चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली, तेव्हा कुठे बेताच्या पगाराच्या माणसाला स्वतःच्या वाहनाचे स्वप्न परवडू लागले. इतक्या प्रतीक्षेनंतर दारात आलेली वस्तू जिवापाड जपणे, हे त्या पिढीचे कृतज्ञतेचेच रूप होते. लुनाला झाकण्यासारखे फारसे काही नव्हते. एक जुने धोतर फाडून केलेले फडके पुरे होई. आजच्या गाडीत झाकण्यासारखे पुष्कळ आहे आणि झाकू नये असेही पुष्कळ आहे.

मे महिन्यातील दुपार

नात्यातील एका लग्नासाठी आम्ही सांगलीकडे गेलो होतो. मंगल कार्यालयाबाहेर सावलीची जागा मिळाली नाही. तीन तास गाडी उन्हात उभी होती. परतताना माझी पाच वर्षांची मुलगी फ्रॉक सावरत मागच्या सीटवर चढली आणि किंचाळून खाली उतरली. तापलेले प्लास्टिक तिच्या मांड्यांना चिकटले होते. त्वचेवर लाल वळ उठले. आत तापलेल्या प्लास्टिकचा आणि डिंकाचा दर्प भरला होता. एसी लावला, काचा उघडल्या, तरी कराड येईपर्यंत तिला दोनदा उलटी झाली. अण्णा पुढच्या सीटवर गप्प बसून होते.

पुढच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला नेली, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने चालकाच्या सीटच्या बाहेरच्या कडेवर बोट ठेवले. प्लास्टिकखाली ‘एअरबॅग’ असे शब्द असलेली लहानशी चिठ्ठी शिवलेली होती. ‘‘ताई, बाजूने धडक बसली तर इथली शिवण फाटून फुगा बाहेर येतो. त्यावर तुम्ही जाड प्लास्टिक आणि वर चिकटपट्टी लावलीय,’’ तो म्हणाला. सात महिने आम्ही त्याच सीटवर बसून महामार्गावरून ये-जा करत होतो. त्या क्षणी लाल वळांपेक्षाही ही चिठ्ठी मला अधिक अस्वस्थ करून गेली.

आवरणाखाली काय घडते?

उष्णता सर्वांत आधी. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की बाहेरचे तापमान ३८ अंशांच्या वर असताना उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीतील हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली. डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत, स्टिअरिंग ५३ आणि सीट ५१ अंशांपर्यंत गेली. तशाच गाड्या सावलीत उभ्या केल्या तेव्हा डॅशबोर्ड ४८, स्टिअरिंग ४२ आणि सीट ४१ अंशांवर राहिली. म्हणजे एखाद्या कडुनिंबाच्या सावलीने डॅशबोर्डचे वीस अंश वाचतात! गाडीच्या अंतर्भागाचे खरे रक्षण करणारी पहिली गोष्ट ही सावली आहे. ती मिळाली नाही तर पुढच्या काचेच्या आतून लावायचा घडीचा पडदा ही दुसरी.

अशा तापलेल्या गाडीत पॉलिथिन घाम शोषत नाही, हवा खेळू देत नाही. सच्छिद्र कापडाची किंवा भोके पाडलेल्या कृत्रिम चामड्याची सीट जे काम करते, ते प्लास्टिकखाली थांबते. काही गाड्यांत पुढच्या सीटमधून हवा सोडण्याची सोय असते. प्लास्टिक ठेवले तर तिच्यासाठी मोजलेले पैसे वाया गेले म्हणायचे.

दुसरी गोष्ट डिंकाची. काही महिन्यांसाठी केलेला कमकुवत डिंक उन्हाने जुना होतो, पृष्ठभागात मुरतो, आणि फिल्म ओढली की तुकडे निघतात पण चिकटा मागे राहतो. आमच्या चकचकीत काळ्या पट्टीवर असा ढगाळ डाग कायमचा राहिला आहे. जे वाचवण्यासाठी फिल्म ठेवली, तेच तिने बिघडवले.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. चातुर्मासात अनेक घरांत प्रवास कमी होतो आणि गाडी दिवसेंदिवस उभी राहते. ओल्या छत्र्या, ओले कपडे यांचा दमटपणा प्लास्टिकखाली अडकला की शिवणींत बुरशी धरते. ती मग पुसून जात नाही. फोममध्ये शिरलेला वास महिनोन्महिने राहतो.

चौथी आणि सर्वांत गंभीर गोष्ट एअरबॅगची. आपल्याकडे नव्या मॉडेलच्या गाड्यांत चालकासाठी १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटसाठी १ एप्रिल २०२१ पासून एअरबॅग सक्तीची झाली. विजेवरच्या अनेक नव्या गाड्यांत तर सहा-सहा असतात. पुढच्या दोन स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये, बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत आणि पडद्यासारख्या दोन छताच्या कडेला दडलेल्या असतात. पापणी लवायच्या आत त्या फुगाव्या लागतात, म्हणून त्यांच्यावरची शिवण किंवा झाकण ठरल्या जागी फाटेल असे बनवलेले असते. त्यावर ताणून बसवलेले प्लास्टिक, चिकटवलेली फिल्म किंवा साधे सीट कव्हर असेल, तर फुगा उशिरा किंवा वाकडा बाहेर येऊ शकतो. बाजारातून सीट कव्हर घेताना बाजूच्या एअरबॅगसाठी फाटणारी शिवण त्याला आहे का, हे विचारून घ्यावे. नसेल तर ते घेऊ नये.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक काळजी. हेडरेस्टवरची सैल पिशवी मुलाच्या चेहऱ्यावर येऊ शकते. मुलाची खुर्ची गुळगुळीत प्लास्टिकवर ठेवली तर ती नीट जखडत नाही, सरकते. या पिशव्या शोरूमच्या दारातच काढून टाकाव्यात.

चामडे आणि चामड्यासारखे

गाडीच्या अंतर्भागाचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, सीट चामड्याची तर नाही ना? आज बहुतेक मध्यम किमतीच्या गाड्यांत ‘लेदरेट’ असते. ते कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर देऊन बनवलेले कृत्रिम चामडे होय. मात्र सीट लेदरेटची असूनही स्टिअरिंगवरचे किंवा गिअरच्या मुठीवरचे आवरण खऱ्या चामड्याचे असू शकते. माहितीपत्रकात ‘लेदर रॅप्ड स्टिअरिंग’ असे शब्द दिसले तर विक्रेत्याकडून त्याचा अर्थ स्पष्ट करून घ्यावा आणि शक्य तर तसे लिहून घ्यावे.

लेदरेटची निगा सोपी आहे. ओलसर मऊ फडके, हवा तर थोडे सौम्य साबणाचे पाणी आणि लगेच कोरडे पुसणे. नव्या जीन्सचा निळा रंग फिकट सीटला लागतो; तो दिसताच पुसला तर निघतो, मुरला तर नाही. चकाकी आणणारे तेलकट पॉलिश सीटवर आणि विशेषतः स्टिअरिंगवर लावू नये, हात निसटतो. पीव्हीसीच्या लेदरेटवर प्लास्टिक चिकटून राहिले आणि त्यावर ऊन पडत राहिले, तर त्याचा पृष्ठभाग चिकट होऊ शकतो. थोडक्यात, लेदरेट हेच मुळी एक संरक्षक आवरण आहे. त्यावर आणखी प्लास्टिक म्हणजे छत्रीवर छत्री.

मग संरक्षक फिल्म लावूच नये का?

तसे नाही. वाहतुकीपुरते लावलेले प्लास्टिक आणि टिकण्यासाठी बनवलेली संरक्षक फिल्म या दोन सर्वस्वी भिन्न वस्तू आहेत. दुसरीला आपल्याकडे सर्रास ‘लॅमिनेशन’ किंवा ‘पीपीएफ’ म्हणतात. चांगल्या प्रतीची फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे ‘टीपीयू’ या पदार्थाची असते. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. ती लवचीक असते, दगडाचा लहान फटका स्वतःवर घेते आणि तिच्या वरच्या थरावरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात.

अशी फिल्म महाराष्ट्रातच तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सांगली जिल्ह्यातील तासगावात १९०३ मध्ये जन्मलेले आबासाहेब गरवारे यांनी उमेदीच्या काळात मुंबईत मोटारींच्या खरेदी-विक्रीचा धंदा केला आणि पुढे ते प्लास्टिक उद्योगाकडे वळले. त्याच उद्योगपरंपरेतील ‘गरवारे हाय-टेक फिल्म्स’, म्हणजे पूर्वाश्रमीची गरवारे पॉलिएस्टर, छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यांत काचेवर लावायच्या आणि रंगाचे रक्षण करणाऱ्या फिल्म बनवते. ज्या कुळाचा आरंभ जुन्या मोटारींपासून झाला, त्याच्या नावाची फिल्म आता नव्या मोटारींवर चढते.

बाजारात टीपीयूच्या नावाखाली स्वस्त पीव्हीसी फिल्मही खपवली जाते. ती लवकर पिवळी पडते, ताठ होते आणि काढताना त्रास देते. ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे तुकडा मागून ताणून पाहणे. टीपीयू रबरासारखी ताणते आणि पूर्ववत होते; पीव्हीसी ताणली की तशीच राहते. कंपनीचे नाव आणि हमीपत्र असलेले पक्के बिल घ्यावे.

संपूर्ण गाडीला चांगले लॅमिनेशन करायचे तर खर्च लाखाच्या घरात जातो. तो प्रत्येकाने करावा असे मुळीच नाही. ज्या जागी हात, पाय आणि सामान रोज घासते, तेवढ्याच जागा निवडल्या तर काही हजारांत काम होते. आमच्या अनुभवातून त्या जागा अशा ठरल्या: चारही दारांचे उंबरठे, डिकीची कड, जिथून पिशव्या आत-बाहेर होतात, दाराच्या मुठीमागची खोलगट वाटी, जिथे अंगठ्यांचे आणि बांगड्यांचे ओरखडे पडतात, चार्जिंगच्या झाकणाभोवतीचा रंग, जिथे अंधारात जड प्लग आपटतो, आणि आतली चकचकीत काळी पट्टी, जिच्यावर बोटांचे ठसे आणि पुसल्याचे चरे सर्वाधिक दिसतात. स्कूटर असेल तर पाय ठेवायची जागा आणि समोरचा पत्रा. विजेवरच्या चेतकचे अंग पत्र्याचे आहे. तिथे रंग निघाला तर गंज चढतो, म्हणून फिल्मचा उपयोग आहे.

फिल्म बसवल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नये. कडा नीट बसायला तेवढा वेळ लागतो. हळद-कुंकवाचे गंध नव्या फिल्मवर न लावता काचेवर लावावे आणि त्याच दिवशी पुसावे. हळदीचा पिवळेपणा प्लास्टिकमध्ये मुरतो, हे स्वयंपाकघरातील डबे आपल्याला केव्हाच शिकवून गेले आहेत.

विजेच्या गाडीत काय झाकू नये?

पेट्रोलच्या गाडीला फक्त दिवे होते. विजेच्या नव्या गाडीला डोळे-कानही आहेत. बंपरमधील लहान गोल संवेदक ध्वनिलहरींनी अंतर मोजतात, कॅमेरे रस्ता पाहतात, रडार पुढच्या वाहनाचा वेग ओळखते. काही गाड्यांत चालकाची झोप ओळखणारा कॅमेराही असतो. या जागांवर फिल्म ओढून बसवली तर गाडी आंधळी होते किंवा नसलेला अडथळा तिला दिसू लागतो. कारागिराला संवेदकाच्या आकाराची भोके कापायला सांगावे. धातूचा अंश असलेली शोभेची फिल्म रडारसमोर मुळीच लावू नये.

पडद्यावर फिल्म लावायची तर पातळ, चकाकी कमी करणारी आणि त्याच मॉडेलसाठी कापलेली घ्यावी. मोबाइलवर लावतो तशी काच मोठ्या पडद्यावर चिकटवणे टाळावे. धडक बसली तर तिचे तुकडे चेहऱ्यासमोरच असतात.

चार्जिंगच्या झाकणाच्या आतील रबरी कडेवर फिल्म येऊ देऊ नये. झाकण नीट न बसल्यास पावसाचे पाणी आत जाते. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पोटाला काळा रबरी लेप लावून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. विजेच्या गाडीत पोटाखाली बॅटरीची पेटी असते आणि आतला दाब बाहेर सोडण्याच्या झडपा तिला असतात. कंपनीच्या लेखी संमतीवाचून तिथे कसलाही लेप लावू नये. नारिंगी रंगाच्या जाड तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या जवळपास बाहेरच्या माणसाला भोक पाडू किंवा वायर जोडू देऊ नये. बॅटरीची हमी अशाच कारणांनी हातची जाऊ शकते.

आता काचेविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल देताना गाड्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मला बंदी केली. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ एप्रिल २०२१ पासून मानकात बसणाऱ्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला स्थान मिळाले आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही टक्केवारी पाळणारी फिल्म वैध असल्याचा निर्णय दिला. तरीही काळी काच म्हणजे दंडाला निमंत्रण, हे ध्यानात असू द्यावे. उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म हवीच असेल, तर प्रमाणित घ्यावी आणि कागद गाडीत ठेवावेत. धातूयुक्त फिल्म फास्टॅगच्या लहरीही अडवू शकते, मग टोलनाक्यावर खोळंबा ठरलेलाच.

विजेच्या गाडीत उष्णता अडवण्याला आणखी एक अर्थ आहे. तापलेली गाडी थंड करायला लागणारी वीज त्याच बॅटरीतून जाते, ज्यातून पुढचे किलोमीटर कापायचे असतात. म्हणून उन्हात निघायचे असेल तर गाडी चार्जरला जोडलेली असतानाच एसी लावून आतली हवा थंड करून घ्यावी. निघताना आधी काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी.

न दिसणारा पापुद्रा

विजेच्या गाडीत एक फिल्म अशीही आहे, जी आपण कधी पाहत नाही. लिथियम बॅटरीच्या प्रत्येक घटात धन आणि ऋण बाजूंच्या मध्ये पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिनचा, अवघा १० ते २५ मायक्रॉन जाडीचा, सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. तो आयनांना वाट देतो, पण दोन्ही बाजूंना एकमेकींना स्पर्श करू देत नाही. पॉलिथिनचा पडदा सुमारे १३० अंशांना मऊ होऊन छिद्रे मिटवतो. त्याहून अधिक तापला तर आकसतो आणि मग आगीचा धोका उभा राहतो. बॅटरी थंड ठेवण्याची सारी यंत्रणा असते ती हा पडदा आणि त्याभोवतीची रसायने सुखरूप राहावीत म्हणून. ज्या पॉलिथिनला सीटवर आपण उगाच जपत बसलो, त्याच कुळातील पदार्थ योग्य जागी असला की कुटुंबाचा जीव राखतो.

चिकटलेले काढताना

वाहतुकीची फिल्म फार दिवस राहिली असेल तर चाकू, पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा देऊन कोपरा सोडवावा आणि फिल्म पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढावी. चिकटा उरला तर साबणाच्या कोमट पाण्याचे फडके. तेवढ्याने न गेल्यास फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आधी आडोशाच्या जागी करून पाहावे. पडद्यावर मात्र ते वापरू नये. सीटवरच्या स्वच्छ पॉलिथिन पिशव्यांचा पुनर्वापर होऊ शकतो. त्या कोरड्या कचऱ्यात द्याव्यात.

सर्व्हिसिंगहून परतल्यावर त्या संध्याकाळी मी अण्णांना काही बोलले नाही. मेकॅनिकने दाखवलेली चिठ्ठी तेवढी त्यांना दाखवली. ते बराच वेळ सीटजवळ उभे राहिले. मग स्वतःच खाली बसून त्यांनी चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या. प्लास्टिक निघाल्यावर सीटचा राखाडी रंग आम्ही प्रथमच नीट पाहिला. मुलगी आत जाऊन बसली आणि म्हणाली, ‘‘आबा, ही तर मऊ आहे!’’

प्लास्टिकची घडी घालता घालता अण्णा हळूच म्हणाले, ‘‘सूनबाई, खरं सांगू? मला सीटची काळजी नव्हती. चढता-उतरता माझ्या काठीचा ओरखडा पडेल, आणि तुम्ही काही बोलणार नाही, पण मनात येईलच, म्हणून ते ठेवलं होतं.’’

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराच्या उंबरठ्याला आणि दाराच्या आतल्या खालच्या भागाला चांगल्या प्रतीची फिल्म लावून घेतली. तिथे अण्णांची काठी रोज घासते. आता त्या फिल्मवर बारीक चरे दिसू लागले आहेत. ते पुसायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.